भाड्याचे वीस हजार

१

पा बुआपानला एका डोक्यामागे चारशे बाट मिळत. त्यातले शंभर व्हॅनवाल्या सोमवांगचे, कारण गिऱ्हाईक तो आणायचा. उरले तीनशे. दिवसाला दोन गिऱ्हाइकं धरली आणि महिन्यातले चार-पाच दिवस रिकामे गेले असं धरलं, तरी महिना पंधरा हजारांच्या घरात जाई. भांडवल म्हणाल तर हजाराच्या वीस नोटा. त्याही कधी खर्च होत नसत, नुसत्या दाखवल्या जात.

चोंग लामचं फाटक ओलांडून थायलंडात शिरणाऱ्या परदेशी माणसाला तीन नंबरच्या खिडकीवर वीस हजार बाट रोख दाखवावे लागतात. हा माणूस आत येऊन उपाशी राहणार नाही, एवढीच खात्री सरकारला हवी असते. वजनदार पासपोर्टवाल्यांना कोणी विचारत नाही. ज्याच्याकडे नसण्याची शक्यता जास्त, त्यालाच विचारतात. मग तो माणूस फाटकाअलीकडच्या, लाओस देशातल्या बाजारात पा बुआपानच्या छत्रीखाली येई. पा म्हणजे थोरली मावशी. सगळा बाजार तिला तसंच म्हणे. ती त्याच्या हातात निळं कापडी पाकीट ठेवी आणि गळ्यात रोजचा सीमापास अडकवून त्याच्या दोन पावलं मागे चालू लागे. खिडकी पार झाली की पाकीट परत तिच्या पिशवीत. पुढे त्या माणसाचं नशीब.

हे सगळं लुंग इनपेंगला तोंडपाठ होतं. लुंग म्हणजे काका. तीस वर्षं लाओच्या बाजूला शिक्के मारून तो निवृत्त झाला होता. बायको गेल्यापासून घरी बोलायला फक्त भिंत उरली होती आणि तिनंही आता पुरे म्हटलं असतं. म्हणून तो सकाळी सातला बाजारात येई, पा बुआपान आणि तिच्या शेजारची मासळीवाली मणिचान यांच्या समोरच्या बाकावर बसे आणि संध्याकाळी सहाला फाटक बंद झालं की उठे.

बाजाराच्या सकाळी त्याला आवडत. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी झाली, की हातात आलेली नोट एका टोकाला धरायची आणि दुसऱ्या टोकानं सगळा माल सपासप झोडपून काढायचा, की दिवस बरा जातो. भाजीवाली पालेभाजी झोडपी, सोमवांग व्हॅनचं दार झोडपी. भवानी होईपर्यंत उधार कोणी देत नसे, आणि फुकट तर सख्ख्या बापालाही नाही.

त्या दिवशी सतरा तारीख होती. नऊच्या सुमारास आर्सेनियो मास्तर निळं पाकीट घेऊन खिडकीकडे गेला. हा फिलिपिनो माणूस पलीकडच्या गावात पोरांना इंग्रजी शिकवी आणि दर तीन महिन्यांनी कागदांसाठी सीमेबाहेर येऊन परत आत जाई. दहा मिनिटांनी कुंपणापलीकडून पा बुआपानची किंकाळी ऐकू आली.

पाकिटातली वरची नोट खरी होती. तिच्याखाली लॉटरीची एकोणीस तिकिटं होती, आदल्या दिवशीच्या सोडतीची, एकही न लागलेली.

२

खिडकीमागची अधिकारी प्राफाई नवीन होती. आधीचा साहेब वरची नोट बघून हात हलवायचा. ही पाकीट स्वतः उघडून मोजणारी निघाली. तिनं लुंगला शिपायाकरवी बोलावून घेतलं.

"लुंग, तुम्ही या बाजाराला ओळखता म्हणे."

"बाजार मला ओळखतो, पोरी. मी नुसता बसतो."

"मग बसून काय दिसतं ते मला हवंय. पैसे भाड्याचे असतात हे मला पहिल्या दिवशीच कळलं. ते मी बघितलं नाही, असं समजा. पण माझ्या खिडकीत रद्दी सरकवली गेली, ते मी बघितलं. ज्याच्या हातात पाकीट, त्याच्यावर आळ. मास्तरांच्या पासपोर्टवर नकाराचा शिक्का मारायला मला अर्धं मिनिट लागेल."

लुंगनं बाकाकडे पाहिलं. मास्तर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. शिक्का पडला की त्याची शाळा गेली, नोकरीचा परवाना गेला, आणि पुढे कुठल्याही खिडकीवर पहिलं लक्ष त्या शिक्क्याकडेच जाणार. लुंगनं स्वतः असे शिक्के मारले होते. ते पुसले जात नाहीत, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"सहापर्यंत थांबशील?"

"सहाला फाटक बंद. तोवर ज्यानं केलं तो इथे येऊन बोलला, तर मास्तर आत. नाहीतर शिक्का."

लुंगनं चष्मा पुसला आणि पाकिटातला ऐवज बघितला. तिकिटं कोरडी, स्वच्छ. सोडतीच्या दुसऱ्या दिवशी असली तिकिटं बाजारभर पायाखाली येतात. त्यावरून कोणाचं नाव निघणार नव्हतं. नोट मात्र त्यानं उजेडात धरली. पा बुआपान आपल्या नोटांना दर रविवारी इस्त्री करी. चुरगळलेला पैसा भाड्याचा वाटतो, असं तिचं म्हणणं. ही नोटही कडक होती. फक्त एका आखूड कडेला, दोन्ही बाजूंनी, लालसर कण चिकटले होते. त्यानं नाकाशी नेली. तिखट, मीठ, सुकी मासळी.

"मास्तर," त्यानं विचारलं, "सकाळी काय खाल्लंत?"

मास्तरचा चेहरा उतरला. "मासा," तो म्हणाला.

३

पा बुआपान आपल्या स्टुलावर रडत नव्हती. शिव्या देत होती. लुंग बाकावर बसताच तिनं मोर्चा त्याच्याकडे वळवला.

"सात वाजता तुमच्यासमोर मोजले की नाही मी? वीस! आता म्हणा, म्हातारीला मोजता येत नाही!"

"मोजले. मी ऐकले. मग पाकीट?"

"पिशवीत. पिशवी छत्रीच्या दांड्याला. आठला हात-तोंड धुवायला गेले, तुम्हीही नेमके तेव्हाच चहाला गेला होतात, तेवढीच काय ती नजरेआड. आले तेव्हा हा सोमवांग्या दांड्याला लोंबकळत होता आणि मास्तर माझ्या स्टुलावर."

"मी छत्रीची दोरी बांधत होतो!" सोमवांग व्हॅनमधून ओरडला. "उपकार करायला गेलो, तर चोर ठरलो. लुंग, हिनं गेल्या आठवड्यात सगळ्यांना सांगितलंय, तीस तारखेला पोराकडे, पलीकडे थायलंडात रायोंगला चालले म्हणून. धंदा आपसूक माझ्याकडे येणार होता. तेरा दिवस थांबलो असतो, तर मला सगळंच मिळालं असतं. मी कशाला हात घाण करू?"

"कारण तुझ्याकडे दाखवायला वीस हजार नाहीत," पा बुआपान म्हणाली. "एकोणीस असतील आता."

सोमवांगचं तोंड उघडं राहिलं. लुंगनं मनातल्या वहीत त्याच्या नावापुढे फायदा मांडला: एकोणीस हजार, शिवाय चालू धंदा. आकडा मोठा होता.

"त्या वीस हजारांचं काय करणार होतीस, बुआपान?"

ती पहिल्यांदा थांबली. "पोराच्या घरामागे खोली काढायची. पत्रे, सिमेंट. सून चांगली आहे, पण तिच्या स्वयंपाकघरात किती दिवस झोपू? ते गेले, म्हणजे खोली गेली. खोली गेली, म्हणजे मी इथेच."

शेजारी मणिचान चिमट्यानं मासे उलटसुलट करत होती. तिनं मान वर केली नाही. "ताई, थोडं पाणी पी," एवढंच म्हणाली. "सकाळपासून माझीही भवानी नाही झाली. दिवसच वाईट आहे."

लुंगनं घड्याळ बघितलं. साडेअकरा.

४

मास्तरला त्यानं सिगारेट देऊ केली. मास्तरनं नको म्हटलं आणि मग घेतली.

"माझ्याकडे तीन हजार शंभर आहेत," तो आपण होऊनच म्हणाला. "बाकीचे घरी जातात. हे मॅडमना सांगितलं तर उलट आणखी वाईट दिसेल, नाही का?"

"वाईटच दिसेल. पाकीट उघडलंत?"

"आईशपथ नाही. पिशवीतून पांनी काढलं, माझ्या हातात दिलं, खिडकीत मॅडमनी उघडलं."

"आणि मासा कुठला?"

"मणिचानबाईंनी दिला. मी सोमवांगबरोबर आलो, पा धुवायला गेल्या होत्या. बाई म्हणाल्या, बसा त्यांच्या जागेवर, खा. खाऊन बोटं चाटली, पण साबण नव्हता. त्यामुळेच ना? नोटेवर माझी बोटं?"

"पैसे किती घेतले तिनं?"

"नाही घेतले. मी देत होतो. म्हणाल्या, मास्तरांकडून काय घ्यायचं."

लुंगची सिगारेट अर्ध्यावर थांबली. समोर कुंपणापलीकडे बाजार दिसत होता: दोन छत्र्या, खाली दोन बायका, मध्ये हातभर अंतर. एकोणीस वर्षं तेवढंच अंतर होतं.

"मास्तर," तो म्हणाला, "तुम्ही नाही केलं."

"तुमचा माझ्यावर विश्वास आहे?"

"तुमच्यावर नाही, तिकिटांवर. मासळीच्या बोटांनी एकोणीस तिकिटं कोंबली असती, तर ती माखली असती. ती धुतल्यासारखी स्वच्छ आहेत. आणि नोटेवर बोटाचा ठसा नाही. तिखट आहे ते फक्त कडेला, दोन्ही अंगांना. खाणारा माणूस नोट जिथे धरतो, तिथे ती मळते. ही मळलीय ती धरलेल्या टोकाच्या बरोबर उलट्या टोकाला."

"म्हणजे?"

लुंगच्या मनातल्या वहीत एक रकाना जुळत नव्हता. एकोणीस घेणारा वीस का घेत नाही? वरची एक नोट ठेवायला चोराला हजार बाट मोजावे लागले होते. जुन्या साहेबाच्या सवयीप्रमाणे वरची नोट दिसली असती आणि मास्तर आत गेला असता. मास्तर सुखरूप पार व्हावा म्हणून हजार बाट सोडणारा चोर त्यानं तीस वर्षांत बघितला नव्हता.

तो उठला. एक खरेदी करायची होती.

५

दुपारी बाजार पेंगत होता. पा बुआपान स्टुलावरच डोळे मिटून बसली होती. लुंग मणिचानच्या टोपल्यांपुढे उभा राहिला.

"एक मोठा दे. चांगला तिखट लावलेला."

"तुम्हाला कधीपासून तिखट सोसायला लागलं, लुंग?"

"आजपासून. अजून भवानी नाही ना झाली? म्हटलं, माझ्या हातची होऊ दे."

"कुठली भवानी! चार वाजतील आता. या सगळ्या गोंधळात कोण येतंय मासळीला?" तिनं मासा केळीच्या पानात गुंडाळला. "चाळीस."

त्यानं शंभराची नोट दिली. मणिचाननं ती घेतली, साठ मोजून परत केले आणि नोट सरळ एप्रनच्या खिशात घातली.

लुंग हलला नाही.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"मासे राहिले."

"कुठले मासे?"

"झोडपायचे. दिवसाची पहिली नोट मणिचानच्या हातात आली आणि मासळीला मार नाही बसला, हे मी कधी पाहिलेलं नाही. तुझा नवरा गेला त्याच्या तिसऱ्या दिवशीसुद्धा तू डोळे पुसत पुसत झोडपत होतीस."

तिचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

"विसरले."

"तोंड विसरेल, हात नाही विसरत. तुझ्या हातानं आज झोडपलंय आधीच. म्हणूनच मास्तरला फुकट मासा गेला. भवानीआधी तू मला कधी काटासुद्धा दिला नाहीस, आणि मी तर रोजचा." त्यानं आवाज खाली आणला. "आठ वाजता ताई धुवायला गेली, सोमवांगची व्हॅन यायची होती. तू पाकिटातून नोटा काढल्यास. दिवसातला पहिला पैसा हातात आला. हात आपला आपण मासळीवर गेला. वरच्या नोटेचं टोक लाल झालं, आणि नेमकी तीच तू मागे ठेवलीस."

मणिचाननं शेजारी पाहिलं. पा बुआपानचे डोळे अजून मिटलेले होते.

"मला तेव्हा कळलंसुद्धा नाही," ती म्हणाली. "झोडपून झाल्यावर कळलं."

६

मीठ ठेवायच्या बरणीत तळाशी प्लास्टिकमध्ये एकोणीस नोटा होत्या. तिनं त्या बरणीतून काढल्या नाहीत, नुसतं झाकण उघडून दाखवलं.

"एकही खर्च करणार नव्हते. बुद्धाशपथ."

"ते कळलं मला. तेच तर आधी कळत नव्हतं." लुंग बसला. "मी सगळ्यांचे फायदे मांडत होतो. सोमवांगचा, मास्तरचा, तिचासुद्धा. तुझ्यापुढे काहीच येत नव्हतं. तुला एकोणीस हजारांचा फायदा नको होता. तीस तारीख नको होती."

"सहाला मोजताना तिला कळलं असतं. तोवर मास्तर कधीच पलीकडे गेलेले असते. पैसे कुठे गेले, कोणी सांगू शकलं नसतं. खोली झाली नसती. ती चिडली असती, चार दिवस रडली असती, मी तिला चहा करून दिला असता." मणिचान माशांवरच्या माश्या हाकलू लागली. "लुंग, मला मूल नाही. घरी गेले की दिवा लावते, रेडिओ लावते, तो बोलतो. इथे ती बोलते. तिचं तेच तेच, सुनेचं, गुडघ्याचं. मी म्हणते गप बस गं. ती खरंच गप बसली, तर मी काय करू?"

"तिला सांगायचं होतंस."

"काय सांगू? पोराकडे जाऊ नको म्हणून सांगू? असं कोण सांगतं?"

बुआपाननं गेल्या आठवड्यात रायोंगची बातमी दिली, तेव्हा लुंग स्वतः "वा, छान झालं" म्हणाला होता आणि मग घरापर्यंतची दोन मैलांची वाट त्यानं मुद्दाम लांबच्या रस्त्यानं काढली होती.

"पाच वाजलेत," तो म्हणाला. "तिकडे बाकावर एक माणूस बसलाय. त्याची शाळा उद्या उघडते. मी जाऊन सांगू, की तू?"

"मी गेले, तर माझा पास जाईल."

"जाईल."

"आणि ताईला कळेल."

"कळलंय," पा बुआपान म्हणाली.

डोळे तिनं कधी उघडले होते, कोणाला समजलं नव्हतं. मणिचाननं बरणी पोटाशी धरली आणि फाटकाकडे चालायला लागली. लुंग तिच्या दोन पावलं मागे गेला.

प्राफाईनं नोटा दोनदा मोजल्या, मीठ झटकून.

"का केलंत, मावशी?"

"मन नव्हतं तिला जाऊ द्यायचं," मणिचान म्हणाली.

प्राफाईनं लुंगकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, पेन उचललं आणि कारणाचा रकाना कोरा सोडला. मग मास्तरचा पासपोर्ट ओढून शिक्का मारला, आत येण्याचा. सहाला वीस मिनिटं होती. मास्तर वाकून वाकून सगळ्यांना नमस्कार करत पळाला. मणिचानला त्यानं जरा जास्तच वाकून केला. का कोण जाणे. बहुधा त्याला काही नीट कळलं नव्हतं.

७

नोटा एकोणीस गेल्या आणि एकोणीस परत आल्या. पैशात कोणाचं काही बुडालं नाही. मास्तरचे नऊ तास गेले. मणिचानचा सीमापास वर्षभरासाठी गेला; दुकान लाओच्या बाजूला असल्यामुळे ते राहिलं.

पा बुआपान तीस तारखेपर्यंत थांबली नाही. त्याच संध्याकाळी, फाटक बंद व्हायच्या आत, एक गाठोडं आणि निळं पाकीट घेऊन निघाली. जाताना छत्री मिटून मणिचानच्या टोपल्यांना टेकवून ठेवली. "उन्हाला होईल," म्हणाली, दुसरीकडे बघत. मणिचाननं दंड भरला तो तिच्या सोबतीच्या तेरा दिवसांचा.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास सोमवांगच्या व्हॅनमधून एक नेपाळी आचारी उतरला. पलीकडे कुठल्याशा हॉटेलात त्याला काम लागलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत हजर व्हायचं होतं. त्यानं घडी घातलेला कागद काढून त्यावरचं नाव वाचलं.

"आजोबा, पा बुआपान कुठे बसतात? वीस हजारांचं काम होतं. फक्त दाखवायला."

मणिचान चिमटा घेऊन मासे उलटत राहिली. लुंगनं तिच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या जागेकडे.

"आता इथे कोणी देत नाही," तो म्हणाला.

"दुसरं कोणी?"

"आता खिडकीवरची ती बाई प्रत्येकाचं पाकीट उघडते. मागे कोण चालतंय, तेही बघते."

तरीही तो खिडकीवर गेला. साडेचार हजार दाखवले. अर्ध्या मिनिटात परत आला, पासपोर्ट उघडा धरून, नकाराच्या शिक्क्याची शाई वाळायची होती म्हणून. दुपारपर्यंत बाजाराच्या कडेला ट्रंकेवर बसून राहिला. मग सोमवांगला परतीचे दोनशे वीस दिले. यातल्या कोणालाही तो ओळखत नव्हता, आणि सगळ्यात जास्त त्यानंच भरलं.